मदतीला धावणाऱ्यांना चटकन काय सांगता? (पॉवर व्हीलचेअर)

माहीमची_मावशी

नमस्कार मंडळी. वय ५८, स्नायूंचा आजार. सात वर्षं साध्या व्हीलचेअरवर काढली, गेल्या दिवाळीला पॉवर व्हीलचेअर घेतली. आता भाजी माझी मी आणते. प्रश्न लोकांच्या चांगुलपणाबद्दल आहे, हसू नका.

परवा गोपी टँक मार्केटातून निघाले आणि पाऊस कोसळला. पेव्हर ब्लॉक निघालेल्या खड्ड्यात पुढचं छोटं चाक अडकलं. जॉयस्टिक (खुर्ची चालवायची दांडी) कितीही दाबली तरी मागची चाकं जागच्या जागी गरागरा. मिनिटभरात कुरिअरवाला, नारळपाणीवाला आणि गणवेशातली दोन मुलं जमली. "मावशी, घाबरू नका, उचलतो," म्हणत दोघांनी दोन आर्मरेस्ट धरले आणि दिला हिसका! माझे आर्मरेस्ट निघतात, पलंगावर सरकताना काढावे लागतात. एक कुरिअरवाल्याच्या हातात आला. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक. "तुटला का हो?"

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या कोळीणबाईंनी मासे झाकायचं निळं प्लास्टिक आणून टाकलं. माझ्या डोक्यावर नाही, जॉयस्टिकवर. "पयलं यंत्र झाका, मानूस वाळतंय." ह्या बाईला हे कोणी शिकवलं असेल? (दोन दिवस जॉयस्टिकला बोंबलाचा वास होता. चालायचंच.)

तर विचारायचं ते हे: लोक धावत येतात तेव्हा जेमतेम पाच सेकंद मिळतात. त्यात तुम्ही काय बोलता? मी "अहो, थांबा थांबा" म्हणते, ते कोणी ऐकत नाही.

आणि अजून एक. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या बाजूने बँकेत जात होते, तर एका बाईंनी मांडीवर दहाची नोट ठेवली आणि नमस्कार करून गेल्या. त्याचं काय करायचं?

घाटकोपरचा_चारचाकी

ताई, अकरा वर्षांचा अनुभव आहे म्हणून सांगतो. "थांबा" म्हणूच नका. लोकांना वाटतं बाई संकोचतेय, मग दुप्पट जोर लावतात. त्यांच्या हातांना काम द्या. "खालचा लोखंडी पाइप धरा." आणि घोळक्याला सांगू नका, एकाला सांगा: "निळा शर्ट, तुम्ही. मी तीन म्हटल्यावर." निळा शर्ट लगेच मुकादम होतो, बाकीच्यांना तोच आवरतो.

त्याआधी खुर्ची बंद करा. चालू असताना कोणाचं कोपर जॉयस्टिकला लागलं तर खुर्ची त्याच्याच पायावर जाते. माझ्यामुळे एका भल्या माणसाचा अंगठा काळानिळा झालाय.

ढकलायचं असेल तर मोटरजवळची लिव्हर सोडावी लागते. ती लावलेली असेपर्यंत ब्रेक धरून असतो, चार पैलवान आले तरी चाक फिरत नाही, आणि लोकांना वाटतं खुर्ची बिघडली. पण लिव्हर सोडली की ब्रेकच उरत नाही. उतारावर कोणी पक्कं धरलेलं असल्याशिवाय हात लावू देऊ नका.

नोटेचं म्हणाल तर पूर्वी भांडायचो. आता हसून परत देतो, "काका, ऑफिसला उशीर होतोय, पगार चालू आहे." तेच जास्त ओशाळतात.

टपरीवाला_परळ

मी खुर्चीवाला नाही, उचलणारा आहे. आमच्या टपरीशेजारच्या दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत. एक काका महिन्यातून दोनदा येतात, आम्ही चौघं त्यांना वर नेतो. पहिल्या वेळी मी त्यांच्या मुलाला विचारलं, "यांना कुठून धरू?" काका म्हणाले, "अरे, तोंड मला आहे." तेव्हापासून त्यांनाच विचारतो. आता ते आल्या आल्या ओरडतात, "स्टाफ!" आणि आम्ही गिऱ्हाईक सोडून जातो.

मावशी, त्या कुरिअरवाल्याला सांगा, काही तुटलं नाही. तो अजून मनाला लावून बसला असेल.

सरळ_बोलतो

कौतुक ठीक आहे, पण चार माणसांनी उचलायची वेळ का येते? अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा आहे. फुटपाथवरच्या बोलार्डमुळे, म्हणजे रोवलेल्या आखूड खांबांमुळे, व्हीलचेअर जात नाही, याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. आमच्या गल्लीतल्या दोन खांबांमधून माझ्या भावाची खुर्ची आजही जात नाही, तो रस्त्यावरून बसच्या पुढे चालतो. मेट्रोत एकदा आत शिरलं की लिफ्ट आहे, सगळं आहे. तिथवर पोचायचं कसं?

माहीमची_मावशी

सरळ_बोलतो, दादा, एकेक अक्षर खरं आहे. तक्रार मीही दिलीये, फोटोसकट. पण खड्डा बुजेपर्यंत दूध कोण आणणार? म्हणून आधी पाइपचं बघितलं.

घाटकोपरच्या दादांचं ऐकून चारही बाजूंना कागद चिकटवले: "इथे धरा." मार्केटात गेले तर कोळीणबाई म्हणाल्या, "काय लिवलंय? मना वाचता येत नाय." खरंच की! मग भाच्याकडून पाइपला लाल टेप गुंडाळून घेतली, आर्मरेस्टला काही नाही.

काल बाजारातून निघताना उंबरठ्यापाशी अडकले. मी तोंड उघडायच्या आत त्या पाटावरूनच ओरडल्या, "ए पोरा, तांबडं धर, तांबडं! हात नको धरू, निघतंय ते!"

कुरिअरवाला परत दिसला नाही. दिसला की सांगते.