किनोचा ड्रमर उभा राहून का वाजवायचा? आणि पुढे तो गेला कुठे?

काठी_आणि_कातडं:
मंडळी, एक शंका. कॉलेजच्या बँडमध्ये मी ड्रम वाजवतो, गणपतीत पथकात ताशा. हल्ली रील्सवर एक रशियन गाणं सारखं कानावर पडतंय, 'ग्रुप्पा क्रोवी'. खणत खणत किनो या सोव्हिएत काळातल्या रॉक बँडपर्यंत पोचलो आणि १९९० च्या मॉस्कोतल्या लुझ्निकी स्टेडियमच्या मैफलीचं रेकॉर्डिंग मिळालं. गाणारा व्हिक्टर त्सोय, त्याच्याबद्दल ढिगाने माहिती आहे. पण मागचा ड्रमर चक्क उभा! ताशा आम्हीही उभ्यानेच वाजवतो, पण अख्ख्या बँडचा ठेका उभ्याने? ग्योर्गी गुर्यानोव एवढं नाव कळलं. नुसती स्टाइल मारतोय की काही कारण आहे? आणि त्सोय गेल्यावर हा कुठे गेला? दुसऱ्या कुठल्या बँडबरोबर काही सापडत नाहीये.

फ्लोअरटॉम:
उभं राहिलास की पहिला बळी बास ड्रमच्या (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पेडलचा. एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्याने सलग पेडल मारणं जिकिरीचं असतं. मग खालचा 'धुम्' हाताने फ्लोअर टॉमवर (जमिनीवर ठेवलेला जाड आवाजाचा ड्रम) द्यायचा, चारच्या मोजणीत दोन आणि चारवर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), बस्स. हात दोनच, त्यामुळे हाय-हॅटची, म्हणजे जोडझांजेची, किणकिण आपोआप कमी होते. वेल्वेट अंडरग्राउंडची मो टकर असंच वाजवायची, तिने तर बास ड्रम आडवा टाकला होता. स्ट्रे कॅट्सचा स्लिम जिम फँटमही उभाच. म्हणजे ही पद्धत काही किनोने काढलेली नाही. बाकी चरित्र वगैरे लेनिनग्राडकर काका सांगतील, ते तिकडे होते.

लेनिनग्राडकर:
हाक मारलीच आहे तर ऐका, पण लांबेल.

ऐंशीच्या दशकात मी लेनिनग्राडला (आताचं सेंट पीटर्सबर्ग) इंजिनिअरिंग शिकत होतो. किनोच्या तबकड्या तेव्हा दुकानात मिळायच्या नाहीत. आमच्या होस्टेलच्या खोलीत व्होल्गोग्राडचा एक पोरगा होता, त्याच्याकडे 'मायाक' कंपनीचा स्पूलवाला टेपरेकॉर्डर. कोणी नवीन टेप आणली की शेजारच्या मजल्यावरून दुसरा रेकॉर्डर उचलून आणायचा, वायरीने जोडायचा आणि रात्री कॉपी करत बसायचं. त्या कॉपीची कॉपी, तिची पुन्हा कॉपी. तिसऱ्या-चौथ्या हातात टेप आली की झांजा गेलेल्या, गिटार गढूळ, शब्द अर्धे खरखरीत बुडालेले. बाकी बँडांची गाणी तिथे ओळखू यायची नाहीत. किनोचं मात्र ओळखू यायचं, कारण ठेका शाबूत असायचा. ठक्, ठक्, मध्ये भरपूर रिकामी जागा. गुर्यानोवच्या वाजवण्यात खराब होण्यासारखं काही नव्हतंच! किनो देशभर पोचलं त्यात त्सोयच्या शब्दांइतकाच या कमी वाजवण्याचा हात आहे, असं माझं मत. पुस्तकात लिहिलेलं नाही, माझं आपलं.

आता माणूस. जन्म २७ फेब्रुवारी १९६१, लेनिनग्राड. मित्रांमध्ये नाव 'गुस्ताव'. किनोत तो आला १९८४ मध्ये, आणि त्याच्या आधी त्या बँडला ड्रमर टिकतच नव्हता. १९८१ मध्ये त्सोय आणि त्याचा सुरुवातीचा जोडीदार रीबिन यांच्याबरोबर ओलेग वालिन्स्की होता, तो सक्तीच्या लष्करी सेवेत गेला. (हा वालिन्स्की पुढे रशियन रेल्वेत मोठा साहेब झाला. आपल्याकडे बँड सोडून सरकारी नोकरी धरलेले पुष्कळ असतात, पण रेल्वेच्या उपप्रमुखाच्या खुर्चीपर्यंत कोणी गेल्याचं ऐकिवात नाही.) '४५' हा पहिला अल्बम मग ड्रम मशीन लावून आणि अक्वारियम बँडच्या लोकांची मदत घेऊन उरकला.

गुर्यानोव मुळात चित्रकार, हे डोक्यात ठेवा, म्हणजे उभं राहण्याचं कोडं सुटेल. तिमूर नोविकोव्ह या चित्रकाराने १९८२ मध्ये 'नवे कलाकार' नावाचा गट काढला, त्यातला हा. संगीतकार सेर्गेई कुर्योखिनच्या 'पॉप-मेखानिका' नावाच्या अचाट प्रयोगांतही असायचा. या मंडळींच्या लेखी रंगमंच म्हणजे चित्राची चौकट. बसलेला ड्रमर झांजांच्या जंगलात लपतो, फक्त हात हलताना दिसतात. गुस्ताव ताठ उभा, मान सरळ, केस चापूनचोपून मागे, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. लुझ्निकीच्या रेकॉर्डिंगमध्ये बघ, काठी वर जाते तीही मोजून तेवढीच, दर वेळी त्याच उंचीवर. त्सोय काळ्या कपड्यात हनुवटी पुढे काढून उभा आणि मागे हा. तेव्हा स्टाइल म्हणशील तर होय, स्टाइलच. पण फ्लोअरटॉम म्हणतात तसं, त्या उभं राहण्यानेच वाजवणं उघडं-बोडकं झालं. दिसणं आणि ऐकू येणं त्याने वेगळं ठेवलंच नाही.

आणखी एक. 'ग्रुप्पा क्रोवी' अल्बममध्ये (१९८८) तुला जो ठेका ऐकू येतो तो ड्रम मशीनचा आहे. घरगुती स्टुडिओ, चार ट्रॅकचं यमाहाचं यंत्र. जोआना स्टिंग्रे नावाची अमेरिकन गायिका तेव्हा लेनिनग्राडला ये-जा करायची, सामान तिच्यामुळे मिळायचं. १९८६ मध्ये तिनेच अक्वारियम, किनो, अलिसा आणि स्त्रान्नीये इग्री या चार बँडांची 'रेड वेव्ह' ही जोड-तबकडी अमेरिकेत काढली. दुसरा ड्रमर मशीन आल्यावर रुसला असता. हा आधीपासूनच मशीनसारखं वाजवायला बघत होता, त्यामुळे मैफलीत माणूस आणि अल्बममध्ये मशीन, ऐकणाऱ्याला सांधा दिसत नाही.

लुझ्निकीची मैफल २४ जून १९९० ची. त्या दिवशी स्टेडियमवरची ऑलिंपिक ज्योत पेटवली होती. मॉस्कोतली किनोची ती शेवटची. १५ ऑगस्टला लाटव्हियात तुकुम्सजवळ त्सोयची मोस्कविच गाडी समोरून येणाऱ्या इकारुस बसवर आदळली. वय २८. नव्या अल्बमसाठी त्याचा आवाज कच्च्या टेपवर भरून ठेवलेला होता. गिटारवाला कास्पार्यान, बासवाला तिखोमिरोव आणि गुर्यानोव या तिघांनी त्याच आवाजाभोवती बाकीचं वाजवून अल्बम पुरा केला. मुखपृष्ठ कोरं काळं, म्हणून लोक त्याला 'काळा अल्बम'च म्हणतात. हेडफोनमध्ये मेलेल्या मित्राचा आवाज लावून त्याला ताल धरायचा, आणि तोही पुढे-मागे न होता. कसं जमवलं असेल त्यांनाच ठाऊक.

पुढचं जेवणानंतर लिहितो.

मीनल_ठाणे:
काका मस्त लिहिताय. पण एक विचारते, रागावू नका. साधा ठेका धरणाऱ्याला इतकं डोक्यावर घ्यायचं का? त्या काळी तिथे याहून तयारीचे ड्रमर नव्हते?

लेनिनग्राडकर:
होते की. अक्वारियमचा प्योत्र त्रोश्चेन्कोव वाजवण्यात याच्यापेक्षा कितीतरी तयार. पण त्सोयची गाणी म्हणजे तीन-चार कॉर्ड आणि सपाट आवाजात म्हटलेल्या ओळी. तिथे कोणी फिरकी घेत बसला असता तर गाणं गेलं असतं. तयारीचा माणूस हात आवरेलच याची खात्री काय? गुस्तावला आवरावे लागत नव्हते, त्याला वाजवायचंच तेवढं होतं.

आता 'कुठे गेला' याचं उत्तर. किनो संपल्यावर तो दुसऱ्या बँडच्या मागे लागला नाही, घरी जाऊन रंगवायला लागला. नोविकोव्हने पुढे नवी अकादमी काढली, पुश्किन्स्काया १० या पत्त्यावर, कलाकारांनी बळकावलेल्या इमारतीत. बाकी जग चित्रकलेत काय वाट्टेल ते करत असताना यांचा हट्ट उलटा: जुनी शिस्त, सुंदर शरीरं, नीट रेखाटन. गुर्यानोवची चित्रं म्हणजे खलाशी, वल्हेकरी, मुष्टियोद्धे, वैमानिक. दैनेका या सोव्हिएत चित्रकाराच्या तीसच्या दशकातल्या चित्रांत असायचे तसे पिळदार देह, पण घोषणा गाळलेल्या, आणि चेहरे पुष्कळदा मित्रांचे किंवा खुद्द स्वतःचे. मोठे कॅनव्हास, सावकाश काम. ज्या वेळी देशात पगार कागदाच्या भावाने जात होते तेव्हा हा एकेका खांद्याचा स्नायू घोटत बसला होता. पुढे चित्रांना चांगली किंमत आली, रशियन संग्रहालयातही पोचली. तिकडे आज निम्मे लोक त्याला 'किनोचा ड्रमर' म्हणतात आणि निम्मे 'चित्रकार गुर्यानोव'. दोघांना एकमेकांचं फारसं माहीत नसतं, त्यामुळे तुला शोधून सापडला नाही यात नवल नाही.

२०१२ मध्ये, त्सोयच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सुमारास, सगळे पुन्हा एकदा जमले आणि त्सोयच्या जुन्या टेपवरून 'अतामान' हे गाणं पुरं केलं. किनोसाठी गुस्तावने वाजवलेलं ते शेवटचं. २० जुलै २०१३ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये तो गेला, वय ५२. दफन स्मोलेन्स्कोये कब्रस्तानात. त्सोय शहराच्या दुसऱ्या टोकाला, बोगोस्लोव्स्कोयेत. तिथे फुलं आणि गर्दी कायम असते, इकडे वाट विचारावी लागते.

काठी_आणि_कातडं:
काका, दंडवत! आज प्रॅक्टिसला स्टूल बाजूला सारून वाजवलं. पहिलं गाणं जमलं, दुसऱ्यात सवयीने उजवा पाय पेडल शोधायला लागला. बासवाला म्हणतो, खालचा आवाज पोकळ झालाय, मला एकट्यालाच ओढावं लागतंय.

फ्लोअरटॉम:
त्याचं बरोबर आहे. फ्लोअर टॉमचं खालचं कातडं थोडं सैल कर, वर एक फडका टाक, आणि जाड काठ्या घे. तरीही पोकळ वाटलं तर बासवाल्याला किनोमधला तिखोमिरोव ऐकायला लाव. ड्रमने सोडलेली जागा तो कशी भरतो बघ. झांज एकच ठेव, तीसुद्धा हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

लेनिनग्राडकर:
'नोच' अल्बम आधी ऐका, मग 'ग्रुप्पा क्रोवी', आणि काळा अल्बम सगळ्यात शेवटी. आणि फोनच्या स्पीकरवर नको, कृपा करा.