मदत हवी आहे: गोव्याहून जाफना, पहिले परदेशी उड्डाण, पाल्कची सामुद्रधुनी किती उंचीवरून ओलांडावी?

नमस्कार,

मी पेडण्याचा असून खासगी वैमानिकाचा परवाना मिळून मला अजून वर्षही झालेले नाही. एका इंजिनाच्या, भाड्याने घेतलेल्या सेस्ना 172 विमानातून मोपा, मंगळूर, तिरुचिरापल्ली असे टप्पे घेत श्रीलंकेतील जाफना येथे जाण्याचा माझा मानस आहे. सोबत पत्नी आणि धाकटा भाऊ असतील. गोव्याचे आकाश दिवाळीपर्यंत निवळते म्हणून आधी तोच मुहूर्त धरला होता, परंतु ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडच्या किनाऱ्याचा भर पावसाचा काळ असल्यामुळे आता शिगम्याआधीचा फेब्रुवारी ठरवला आहे.

माझी मुख्य अडचण समुद्राची आहे. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोडियक्कराईच्या टोकापासून जाफनाचा उत्तर किनारा सुमारे 55 किलोमीटर आहे. इंजिन बंद पडले तर, वारा नसताना, हे विमान दर हजार फूट उंचीमागे साधारण दीड सागरी मैल घसरत जाऊ शकते. पूर्वेकडे दृश्य नियमांनी (म्हणजे बाहेर पाहून) उडताना विषम हजार अधिक 500 फूट अशी उंची राखायची असल्याने माझ्यापुढे 7,500 आणि 9,500 असे दोन पर्याय उरतात. पहिल्यात मधल्या सुमारे 13 किलोमीटरांत कोणताच किनारा हाती लागत नाही. दुसऱ्यात हीच पट्टी जेमतेम 2 किलोमीटरांची होते. हिशेब 9,500 च्या बाजूने आहे, पण ढग खाली असले, नियंत्रकांनी तेवढी उंची दिली नाही किंवा समोरून वारा असला, तर परत फिरण्याचा बिंदू आपण कसा ठरवता? जीवरक्षक जाकिटे किनारा सोडण्यापूर्वीच सर्वांना घालायला लावावीत, असे मला वाटते; ती विमानात फुगवायची नाहीत, हे दोघांकडून आधीच घोटून घेणार आहे.

नोंदणी व उड्डाणयोग्यतेचे दाखले, विमानाची प्रवास नोंदवही, रेडिओ परवाना आणि विमा या कागदांची जुळवाजुळव झाली आहे. मात्र श्रीलंकेची परवानगी, उड्डाण आराखडा आणि एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) क्रमांक यांचा क्रम कसा लावावा, तसेच तिरुचिरापल्लीला एवढ्या लहान विमानासाठी सीमाशुल्क व इमिग्रेशनची वेळ स्वतः ठरवता येते की हँडलिंग एजंट (विमानतळावरील कामे करून देणारा प्रतिनिधी) नेमावाच लागतो, हे या मार्गाने गेलेल्या कोणी कृपया सविस्तर सांगावे.