मदत हवी आहे: बॅरलमध्ये थोडी शिराझ (दुसऱ्या जातीच्या द्राक्षाची वाइन) गेलीय, तरी 'एकाच द्राक्षाची' म्हणता येईल का?

मंडळी, सोलापूरहून लिहितोय. आमची छोटी वायनरी आहे, लायसन्स वगैरे सगळं रीतसर. एकाच जातीच्या द्राक्षाच्या प्रादेशिक वाइनची स्पर्धा आहे, त्यात आमची सॅन्जोवेसे द्यायचीय. द्राक्ष मूळचं इटलीचं, पण बाग आमच्याच रानातली.

अडचण अशी की २२५ लिटरचं बॅरल, इथल्या उन्हाळ्यात वाइन उडून पातळी खाली जाते आणि वर हवा राहिली की आंबायची भीती, म्हणून तीनदा भर घातली. सॅन्जोवेसे संपलेली, सो शिराझ घातली, तिन्ही वेळची मिळून साधारण १४ लिटर. म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास. (वहीत लिहून ठेवलंय, नाहीतर मीच विसरलो असतो.)

फॉर्मवर फक्त 'एकाच जातीची' लिहिलंय, टक्का कुठेच नाही. दोनदा फोन केला, एकजण म्हणाला शंभर टक्केच पाहिजे, दुसरा म्हणाला लेबलवर एकच नाव असलं की झालं! युरोपात ८५ टक्के असली तरी लेबलवर एका जातीचं नाव चालतं हे माहितीये, पण तो लेबलचा नियम झाला, स्पर्धेचा नाही. लॅब रिपोर्ट आहे पण त्यात अल्कोहोल, आम्लता वगैरेच, जातीचं काही नाही.

दुसरं बॅरल निव्वळ सॅन्जोवेसे आहे पण अजून कच्चं, जीभ आवळते नुसती. एन्ट्री शनिवारपर्यंत, आणि लपवून काही द्यायचं नाही.

अशा स्पर्धेत कुणी वाइन दिली असेल तर सांगा, भर घातलेली दुसरी जात ते मोजतात का, आणि फॉर्मवर ६ टक्के शिराझ लिहिली तर एन्ट्री बाद होते का?