क्रँककेस व्हेंटिलेशनच्या व्हॉल्व्हला मराठीत काय म्हणावं?

तेलकट_हात
जुन्या पेट्रोल गाडीची दुरुस्ती-पुस्तिका मराठीत करतोय. पीसीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटात, क्रँककेसमध्ये, साठणाऱ्या वाफा ओढून नेणारा) बदलायच्या पानावर तीन दिवस अडकलोय. मजकूर सोपा आहे. इंजिन आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) ठेवा, टॅपेट कव्हरमधून व्हॉल्व्ह उपसा, त्याच्या तोंडावर बोट धरा, ओढ जाणवली पाहिजे. मी लिहिलं, 'क्रँककेस वायुवीजन झडप'. मेव्हणा तीस वर्षं इंजिनं उघडतोय, त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "ही विजेवर चालते का?" आणि झडप म्हणे खिडकीला असते. त्याच्या तोंडी एकच, 'ब्रीदरचा वाल'. मी काय छापू? शिवाय व्हॉल्व्ह ज्या रबरी कड्यात बसतो, त्या ग्रोमेटलाही शब्द हवाय.

शब्दवेल्हाळ
मेव्हण्यांना सांगा, वायुवीजनातल्या वीजनाचा विजेशी काही संबंध नाही. वीजन म्हणजे वारा घालणं, व्यजन म्हणजे पंखा. आपला विंझणा त्याच घरातला. हृदयाला झडपा चालतात, लोहाराच्या भात्याला चालते, मग इंजिनालाच का नको?

आडवाट
ताई, भात्याची झडप म्हणजे चामड्याचं पान. ते उघडतं नाहीतर मिटतं. पीसीव्हीत पान नाहीच, स्प्रिंगवर मागेपुढे सरकणारा खुंट आहे. आयडलला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) ओढ जबर असते, खुंट ओढला जातो आणि वाट अरुंद होते. गाडी वेगात चालू लागली की ओढ कमी होते, स्प्रिंग त्याला मागे रेटते आणि वाट मोठी होते. इंजिन बंद असेल किंवा त्याने बॅकफायर केलं (उलटा भडका मारला) तरच पूर्ण बंद. म्हणजे ही आपोआप फिरणारी तोटी झाली. झडप म्हटलं की ससाणा आठवतो. झडप, झापड, झाप, सगळ्यांत पटकन झाकण्याचाच भाव आहे.

शब्दवेल्हाळ
झाप, झापड, झडप एका घरातले? ते घर तुम्हीच बांधलेलं दिसतंय. आणि सरकणारा खुंट असला म्हणून काय झालं, पाण्याच्या पंपातल्या गोळीलाही लोक झडपच म्हणतात.

जुनी_नळी
आमच्या वडिलांच्या गाडीला हा व्हॉल्व्हच नव्हता. इंजिनाच्या कडेने एक नळी खाली सोडलेली, टोक तिरपं कापलेलं. गाडी पळाली की खालचा वारा नळीतून वाफा ओढून घ्यायचा. गाडी उभी असली की ओढ नाही, मग बॉनेटखालून जळक्या तेलाचा वास. वडील त्या नळीला 'उसासा' म्हणायचे. "उसाशाचं तोंड पुसून घे रे," हे माझं रविवारचं काम. इतका चांगला शब्द असताना वायुवीजन कशाला?

आडवाट
उसासा झकास आहे काका, पण तो बाहेर टाकतात. पीसीव्हीची सगळी गंमत अशी की वाफा बाहेर न सोडता परत इनटेकमध्ये नेऊन जाळायच्या. उसासा गिळायचा. म्हणजे हा आवंढा झाला!
(दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांना ही सोय केली होती, खोल पाण्यातून जाताना क्रँककेसमध्ये पाणी शिरू नये म्हणून. धुरक्याच्या काळजीने मोटारींना लागली ती पुढे, 1961 च्या मॉडेलपासून, कॅलिफोर्नियात.)

तेलकट_हात
'आवंढा बदलण्याची कृती' असं छापलं तर मेव्हणा घरात घेणार नाही.

रिंगमास्टर
शब्द पुस्तकातून नाही, गॅरेजातून घ्या. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून वायू खाली उतरतो, त्याला सगळे 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. व्याकरणाने भंगार, पण कळतं. या शब्दानेच मला एकदा बुडवणार होते. ऑइलचं झाकण काढलं तर भसाभस धूर. मेकॅनिक म्हणाला, बॅक मारतंय, रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल. मी आधी व्हॉल्व्ह काढला. आत काळा राळेसारखा चिकटा, फुंकर मारली तर आरपार जाईना. नवा बसवला, धूर बराच उतरला. मागच्या ऑइलसीलमधून गळत होतं तेही मंदावलं. वाफांचा कोंडमारा झाला की तेल मिळेल तिथून वाट काढतं.
आणि हो, व्हॉल्व्ह कानाशी धरून हलवला, खुळखुळला, म्हणून चांगला, हे पुस्तिकेत नुसतं लिहू नका. मऊ पडलेली स्प्रिंगही तशीच खुळखुळते. जुनी गाडी असेल तर सरळ नवा बसवा.

शब्दवेल्हाळ
कळतं म्हणून काहीही चालवायचं, तर मग मराठी पुस्तिका कशासाठी? 'वाल' म्हणजे कडधान्य.

रिंगमास्टर
लहानपणी सायकलच्या 'वालट्यूब'साठी हट्ट करताना कडधान्य आठवलं होतं का? तो वाल तुमच्या झडपेपेक्षा जास्त मराठी आहे.

तेलकट_हात
सध्या 'ब्रीदर व्हॉल्व्ह' ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथे 'झडप' जोडतो. पुढचं वाक्य, 'व्हॉल्व्ह तुंबला असल्यास बदला.' हे तरी बरोबर ना?

जुनी_नळी
तुंबतं ते गटार. श्वासाची वाट चोंदते. नाक तुंबलं असं कोण म्हणतं?

आडवाट
तुंबण्यात मागे काहीतरी साठत जातं. इथे मागे वाफांचा दाब साठतोच. तुंबला हेच बरोबर.

शब्दवेल्हाळ
दोन्ही चूक. आत चिकटा बसून वाट बंद झाली तर 'बुजला'. भोकं बुजतात.

रिंगमास्टर
आमच्याकडे 'चोक झाला'. विषय संपला.

जुनी_नळी
चोक हा कार्ब्युरेटरचा स्वतंत्र भाग आहे हो. जुन्या गाडीच्या पुस्तिकेत 'चोक झाला' लिहिलंत तर वाचणारा भलतीकडेच पाना घेऊन जाईल.

तेलकट_हात
आज फोटोसाठी स्वतःच व्हॉल्व्ह काढला. हातात आला तो एकटाच. ग्रोमेटचं रबर उष्णतेने आणि तेलाने बेकेलाइटसारखं कडक झालेलं, त्याचे तीन तुकडे कव्हरच्या भोकात अडकून राहिले. एक आत पडता पडता चिमट्याने धरला. नव्याच्या कडेला बोटाने तेल लावलं, मग गपकन बसला. ही सूचना पुस्तिकेत मोठ्या अक्षरात टाकणार आहे. पण ग्रोमेटला शब्द कुणी दिलाच नाही.

शब्दवेल्हाळ
मी कालपासून विचारात आहे, नाक चोंदतं, कानांना दडे बसतात, मग गळा काय होतो?

आडवाट
दाटतो.