गरम गाडी अडते? आधी स्पार्क बघा
गाडी गरम असताना १५ मिनिटं उभी केली की स्टार्ट होत नाही आणि आयडल (गाडी उभी असताना इंजिनचा वेग) वरखाली होतो म्हणताय, तर लगेच कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडू नका हो. आधी तशी गरम असतानाच प्लगचा स्पार्क (ठिणगी) बघा, कारण त्याला वीज देणारी इग्निशन कॉइल तापली की दगा देते आणि गार झाली की परत नीट चालते, गॅरेजला नेईपर्यंत सगळं ओके! स्पार्क निळा, कडक असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर फ्लड झालीय, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा.

आयडलचं म्हणाल तर माझ्या गाडीत ब्रेक बूस्टरच्या (ब्रेकला जोर देणारा भाग) इंजिनकडे जाणाऱ्या व्हॅक्यूम पाइपला वाकवल्यावरच दिसेल अशी बारीक चीर होती, तिच्यातून हवा आत जात होती; पक्कडीने पाइप हळूच दाबला आणि आयडल एकदम स्थिर. त्याआधी दोनदा ट्यूनिंग करून पैसे घालवले होते, म्हणून सांगतोय, तो पाइप आधी बघाच.