मदत हवी आहे: जुना ब्लॉक पाठवू की रक्त?

अंत्रुजकर: आईची कॅन्सरची गोळी चालेनाशी झाली. स्कॅनमध्ये लिव्हरवर नवे डाग. डॉक्टर म्हणतात म्युटेशन टेस्ट करा. ऑपरेशनचा ब्लॉक (काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा) २०१९चा, घरीच आहे. तो मुंबईला पाठवू की रक्त? लवकर सांगा, परवा ओपीडी आहे.

माटोळी: कुठली गोळी? कसला कॅन्सर? गाठीचे रिसेप्टर, म्हणजे ईआर (इस्ट्रोजेन हार्मोनचा) आणि हर-टू, काय आहेत? आम्ही काय देवाला कौल लावून सांगायचं?

अंत्रुजकर: ब्रेस्टचा, अजून कसला! ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. लेट्रोझोल आणि पाल्बोसिक्लिब.

सोलकढी: आधी तुमच्या बहिणीची बीआरसीए जीनची टेस्ट करून घ्या. माझ्या मावशीच्या वेळी आम्ही तेच केलं.

पेशीपाल: सोलकढीताई, ते जन्मापासूनचं म्युटेशन. तेही बघायला हवंच, कारण ते आईत सापडलं तर ओलापॅरिब या गोळीचा विचार होतो. पण इथे प्रश्न उपचार चालू असताना गाठीत तयार होणाऱ्या म्युटेशनचा आहे. लेट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन बनणं थांबवतं. ईएसआर-वन हे त्याच्या रिसेप्टरचं जीन, ते बदललं की रिसेप्टर इस्ट्रोजेनशिवायच चालू राहतो. किल्ली काढली तरी स्कूटर धडधडतेय. मूळ गाठीत हे क्वचितच असतं, लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्या घेतलेल्या मेटास्टॅटिक (कॅन्सर पसरलेल्या) पेशंटांत मात्र साधारण २० ते ४० टक्क्यांत दिसतं. म्हणजे २०१९चा ब्लॉक ईएसआर-वनसाठी कुचकामी. रक्त द्या, त्यात गाठीचा आजचा डीएनए मिळतो.

माटोळी: कुचकामी कसला? पीआयके-थ्री-सीए या दुसऱ्या जीनचं म्युटेशन बहुधा सुरुवातीपासूनच असतं, ते जुन्या ब्लॉकमध्येही दिसतं. आणि गाठ रक्तात डीएनए कमी सोडत असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊन फसवतो. आमच्याकडे तसंच झालं. मी म्हणते लिव्हरची बायोप्सीच करा, रिसेप्टर बदललेत का तेही कळतं.

पेशीपाल: बायोप्सी उत्तम, मान्य. पण परवाच्या ओपीडीआधी कोण करून देणार? रक्त निगेटिव्ह आलं तर मग सुईने बायोप्सी. फक्त हाडाची नको, सुईला सोपी जागा असताना. हाड मऊ करायला आम्ल वापरतात, त्यात डीएनएची वाट लागते.

रेलवाला: मुंबईला जाणार असाल तर मडगावहून वंदे भारत घ्या. कोकणकन्येत पेशंटला झोप लागत नाही.

सोलकढी: वंदे भारत परवडते का? आणि हळद-दूध चालू ठेवा.

पेशीपाल: स्वयंपाकातली हळद चालेल, कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अंत्रुजकर, आईला शुगर आहे का?

अंत्रुजकर: आहे, इन्सुलिनवर. त्याचा इथे काय संबंध?

पेशीपाल: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! पीआयके-थ्री-सीए निघालं की अल्पेलिसिब या औषधाचं नाव येतं. ते शुगर भयंकर वाढवतं. त्याच कामाचं कॅपिव्हासर्टिबही वाढवतं, त्यामानाने कमी. ईएसआर-वन निघालं तर एलासेस्ट्रंट ही गोळी. अमेरिकेत जानेवारी २०२३मध्ये मंजूर झालं.

माटोळी: एलासेस्ट्रंटच्या चाचणीत ईएसआर-वनवाल्यांत आजार न वाढता गेलेला मधला (मीडियन) काळ ३.८ महिने, जुन्या औषधांवर १.९. एवढ्यावर उड्या मारू नका.

पेशीपाल: सगळे एकत्र धरून ३.८. आधीच्या गोळ्या वर्षभर किंवा जास्त टिकल्या त्यांना बराच जास्त फायदा दिसला. आई पाल्बोसिक्लिबवर किती टिकली?

अंत्रुजकर: दोन वर्षांहून जास्त. मग रक्त कुठल्याही लॅबमध्ये काढू? फोंड्यात होईल?

पेशीपाल: काढणारा कोणीही चालेल, ट्यूब मात्र खास लागते. टेस्ट करणारी लॅब किट पाठवते. साध्या ट्यूबमधलं काही तासांत लॅबला पोचवून प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) वेगळा करावा लागतो. आणि नवं औषध सुरू व्हायच्या आधी काढा.

अंत्रुजकर: किट परवापर्यंत फोंड्यात येतं का?

रेलवाला: कुरियरचं माहीत नाही, पण मडगावला पार्सल ऑफिस आहे.