एकाच शुभंकराचे साठ अवतार: लहान आकारात वेगळेपण कसे टिकवावे?

काटेरी:
नमस्कार. आमच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पाचा शुभंकर साळिंदर आहे. नियमित काम करणाऱ्या साठ जणांना त्याच साळिंदराचे, पण प्रत्येकाचे वेगळे, असे अवतार (नावाशेजारी दिसणारी छोटी चित्रे) काढून देण्याचे मी अंगावर घेतले आहे. पहिली बारा चित्रे मोठ्या पडद्यावर सर्वांना आवडली. मात्र तीच नावाशेजारच्या ३२ पिक्सेलच्या गोलात बसवली तेव्हा काट्यांचा तपकिरी गोळा झाला, आणि चष्मेवाला कोणता व टोपीवाला कोणता हेही कळेना. तपशील कमी करून भागेल, की चित्र मुळापासून काढावे?

रेघोट्या:
मुळापासून काढावे. आपला चित्रफलक २५६ एककांचा असेल, तर ३२ पिक्सेलवर आठ एककांचा एक पिक्सेल होतो आणि त्याहून बारीक रेघ शेजारच्या रंगात विरघळते. त्यामुळे केसासारख्या असंख्य काट्यांऐवजी पाठीवर सात जाड त्रिकोण ठेवावेत आणि दोन त्रिकोणांमधली फटही १६ एककांहून कमी नसावी. मग सगळी आकृती काळ्या रंगाने भरून पाहावी. नुसत्या छायेवरून साळिंदर ओळखू आले, तरच आत डोळे आणि नाक काढण्यात अर्थ आहे. गोलाचाही विचार आधीच करावा, कारण चौकोनात बसणारे वर्तुळ त्याचा सुमारे ७८.५ टक्के भागच व्यापते आणि आपल्या काट्यांची टोके नेमकी कापल्या जाणाऱ्या वरच्या कोपऱ्यांत जात असणार. लिनक्स या संगणक-प्रणालीचा शुभंकर पेंग्विन टक्स चिमुकल्या आकारातही ओळखू येतो, तो काळे अंग, पांढरे पोट आणि पिवळी चोच या मोजक्या मोठ्या रंगखंडांमुळे.

थरावरथर:
वरील सूचनेला माझी पुस्ती. साठ चित्रे सुटी काढू नका. एसव्हीजीमध्ये (आकार कितीही बदलला तरी न बिघडणाऱ्या, रेषांच्या चित्रप्रकारात) अंग, डोळे, चष्मा आणि टोपी यांचे वेगवेगळे थर करा, आणि प्रत्येक टोपी कपाळावरच्या एकाच ठरलेल्या बिंदूवर टेकेल असे पाहा. चेहऱ्याची ठेवण मात्र कोणासाठीही बदलू नये, कारण डोळ्यांतले अंतर बदलले की तो आपला साळिंदर राहत नाही, कुठला तरी उंदीर होतो. सहा टोप्या, पाच चष्मे आणि आठ रंग घेतले तर २४० जोडण्या मिळतात. त्या संगणकाकडून यदृच्छेने वाटाव्यात असा मोह होईल, पण तसे केल्यास वीस सदस्यांतच कुणा दोघांना एकच चेहरा मिळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. म्हणून दिलेल्या जोडण्यांची नोंद ठेवावी किंवा सदस्यांनाच निवडू द्यावे. केवळ लाल-हिरव्या रंगांच्या फरकावर दोन अवतार वेगळे ठरवू नयेत. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या सदस्याला ते जुळेच वाटतील.

कलमकायदा:
चित्रकलेतले मला फारसे कळत नाही, पण परवान्याचा प्रश्न कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. मूळ साळिंदर कोणी काढला, आणि त्यात फेरफार करण्याची लेखी परवानगी आहे का? लॅरी यूइंग यांनी १९९६ मध्ये टक्स काढला आणि कोणी विचारल्यास आपला व जिम्प या चित्रे काढण्याच्या प्रणालीचा उल्लेख करण्याच्या अटीवर त्याचा वापर व फेरफार सर्वांना मोकळा ठेवला. गो या प्रोग्रामिंग भाषेचा शुभंकर गोफर (बिळात राहणारा उंदरासारखा प्राणी) रेने फ्रेंच यांचा असून तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली आहे, त्यामुळे त्याची असंख्य रूपे निघतात, पण श्रेय द्यावेच लागते. रस्ट भाषेचा खेकडा फेरिस याच्या चित्रांवरील हक्क तर चित्रकर्तीने सोडूनच दिले आहेत. आपल्याकडे यांपैकी कोणता मार्ग आहे, हे साठावा अवतार काढून झाल्यावर नव्हे, आजच ठरवावे.

काटेरी:
सर्वांचे आभार. काल रात्री सात त्रिकोणांचे साळिंदर काढून पाहिले. ३२ पिक्सेलवर ते स्पष्ट दिसते, आणि १६ वर चष्मा हरवला तरी पाठीचा आकार राहतो. टोपी घातली की पुढचे दोन काटे झाकले जातात, म्हणून टोप्यांना काट्यांपुरत्या खाचा पाडल्या आहेत, आणि खरे सांगायचे तर त्या खाचांमुळे टोपी साळिंदरासाठीच शिवल्यासारखी दिसते. मूळ चित्र आमच्याच एका जुन्या सहकाऱ्याचे आहे. परवानगी तोंडी होती, तीही फक्त मुखपृष्ठासाठी. त्यांना आज पत्र लिहिले असून उत्तर येईपर्यंत ती बारा चित्रे उतरवून ठेवली आहेत.